आत्याचे अठरा तास

अर्ज पाठवून तीन दिवस झाले होते, आणि करुणा हिवाळेनं त्याची पावती पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचायला घेतली.

रविवारची दुपार होती. चर्चमधून आल्यावर पप्पा पलंगावर आडवे झाले होते आणि सुवार्ताआत्या मटण शिजत घालत होती. करुणा ओट्याजवळच्या स्टुलावर बसून फोनवर पानं सरकवत होती. पावती नऊ पानांची होती. पहिल्या पानावर तिचं नाव, वैद्यकीय प्रवेशपरीक्षेचे गुण आणि ठळक अक्षरांत 'सेवातास : २१२'. पुढच्या आठ पानांवर त्या दोनशे बारा तासांची तारीखवार यादी होती. अर्ज भरताना पडद्यावर फक्त बेरीज आली होती. बेरीज पाहूनच तिनं खालच्या प्रतिज्ञेवर अंगठा टेकवला होता.

सहाव्या पानावर तिची नजर अडखळली. सतरा सप्टेंबर, सहा तास. अठरा सप्टेंबर, सहा तास. एकोणीस, सहा.

"आत्या, मला डेंगी झाला तो विसर्जनाच्या आठवड्यातच ना?"

"त्याच आठवड्यात. सतराला तुला सलाइन लावलं. उठून संडासला जायचंही त्राण नव्हतं तुझ्यात." आत्यानं झाकण ठेवून मागे पाहिलं. "का गं?"

करुणानं फोन तिच्यापुढे धरला. आत्यानं चष्मा कपाळावरून खाली ओढला, तिन्ही ओळी वाचल्या आणि गॅस बारीक केला.

"हे तर माझे पेशंट आहेत," ती म्हणाली.

२०४३ साली डॉक्टर व्हायचं तर नुसते गुण पुरत नव्हते. आधी किमान दोनशे तास आजारी माणसांजवळ राहून त्यांची सेवा केलेली असावी लागे. नियम आला तेव्हा पहिली दोन वर्षं खोट्या दाखल्यांचा नुसता सुळसुळाट झाला. मग सरकारनं पट्टा आणला. मनगटावर बांधायचा हा पट्टा वेळ मोजायचा, पण फक्त रुग्णाच्या खाटेला लावलेली खूण जवळ असेल तेव्हाच. दर दहा मिनिटांनी तो थरथरायचा. थरथरला की दुसऱ्या हाताचं बोट त्यावर टेकवायचं. तेवढ्यात तो हृदयाचा आलेख टिपून घ्यायचा.

सगळी भिस्त त्या आलेखावर होती. हृदयाचा प्रत्येक ठोका म्हणजे विजेची एक लहर. छातीतलं हृदय कुणाचं थोडं तिरपं, कुणाचं मोठं, कुणाच्या भिंती जाड. त्यामुळे ती लहर प्रत्येकाची वेगळी उमटते. बोटांच्या ठशासारखीच, पण उसनी देता न येणारी. पट्टा पहिल्या दिवशी मालकाची लहर शिकून घ्यायचा आणि नंतर दुसऱ्या कुणी बोट टेकवलं तर लाल व्हायचा. लाल झालेल्या वेळेची नोंदच होत नसे. पट्टा एक कोटी तपासण्यांत एकदा चुकतो, असं त्याच्या पुस्तिकेत लिहिलं होतं.

आत्या गृहपरिचारिका होती. घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्यांचं सगळं करायची, आणि करुणाचे तासही तिच्याच हाताखाली झाले होते. सोळा तारखेला लाहोटी आजींना अंघोळ घालताना करुणानं पट्टा काढून खिडकीत ठेवला, आणि तिथेच तिला थंडी वाजायला लागली. ती घरी येऊन झोपली. पट्टा दुसऱ्या दिवशी आत्याला सापडला. हरवला तर नवा मिळायला महिना जातो, म्हणून तिनं तो स्वतःच्याच मनगटावर बांधला आणि तीन दिवस तसाच वागवला.

"थरथरायचा मेला सारखा. बोट टेकवलं की गप्प बसायचा," आत्या म्हणाली. "दुसऱ्यानं घातला तर मोजतच नाही, असं पट्टा देणाऱ्यांनीच सांगितलं होतं. रंग कोण बघतंय. माझे दोन्ही हात कामात."

करुणानं मनातल्या मनात वजाबाकी केली. दोनशे बारातून अठरा गेले, उरले एकशे चौऱ्याण्णव. दुरुस्तीची मुदत शुक्रवारी संध्याकाळी संपली होती. आणि प्रतिज्ञेत लिहिलं होतं : तास खोटे आढळल्यास अर्ज रद्द, तीन वर्षं बंदी, आणि पट्टा वापरणाऱ्या दुसऱ्या व्यक्तीची व्यावसायिक नोंदणी स्थगित.

जेवताना तिनं पप्पांना सांगितलं. याकोब हिवाळे रोलिंग मिलमध्ये क्रेन चालवायचे. करुणा आठ वर्षांची असताना तिची आई गेली, तेव्हापासून त्यांनी आणि आत्यानं मिळून तिला वाढवलं होतं. घरात ते कमी बोलत, पण बोलले की त्यावर सहसा वाद होत नसे.

"कुणाला कळलंय?" त्यांनी विचारलं.

"नाही. पट्ट्यानं ते तास माझेच धरलेत."

"मग झालं. तू चोरी केलेली नाहीस. यंत्रानं मोजले, यंत्रानं पाठवले. उकरून काढलंस तर तुझी तीन वर्षं जातील आणि हिचं काम जाईल."

"पप्पा, मी लिहून दिलंय की हे सगळे तास मी केलेत."

"तुला माहीत नव्हतं तेव्हा."

"आता आहे."

पप्पा ताटावरून उठले नाहीत, पण पुढे जेवलेही नाहीत. आत्यानं वाटीतला रस्सा संपवला आणि म्हणाली, "याकोब, ती त्या तीन दिवसांत तापानं फणफणली होती. पुढे कधी तिच्या पेशंटनं विचारलं, डॉक्टर, खरं सांगा, तर हिच्या तोंडून शब्द फुटायला पाहिजे. आणि तास माझे आहेत. माझे मी परत मागायला जाते, असं समज."

"नोंदणी गेली तर?"

"नोंदणी गेली म्हणून लाहोटी आजी मला दार बंद करणार आहेत का?"

पप्पांनी दोघींकडे पाहिलं आणि ताट सरकवलं. "करा काय करायचं ते," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्यांनीच दोघींना बसस्टँडवर सोडलं.

संभाजीनगरच्या पडताळणी केंद्रात मीनल तांगडे नावाच्या अधिकारी होत्या. चाळिशीच्या, चटपटीत, टेबलावर एकही कागद नसलेल्या. करुणानं सगळं सांगितलं, डेंगीचा रक्तअहवाल पुढे केला. तांगडेबाईंनी पडद्यावर तिची नोंद उघडली आणि बराच वेळ पाहत राहिल्या.

"या तीन दिवसांत एकशे आठ वेळा तपासणी झाली आहे," त्या म्हणाल्या. "एकशे आठही वेळा जुळलं आहे. तुम्हीच होतात."

"मी नव्हते. मी अंथरुणात होते."

"रक्त तपासून झाल्यावरही माणूस कामाला जाऊ शकतो."

"मॅडम, मी कशाला खोटं सांगू? यात माझंच नुकसान आहे."

"तेच मला कळत नाहीये," तांगडेबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चिडका नव्हता, खरंच कोड्यात पडल्यासारखा होता. "तास वाढवून सांगणारे रोज येतात. कमी करून मागणारं कुणी येत नाही. पण यंत्र हो म्हणतंय तोवर मी तुमचे तास कापू शकत नाही. तुम्हाला अर्ज मागे घ्यायचा असेल तर तसं लिहून द्या."

इथवर येताना करुणानं ओरडा खायची तयारी केली होती, बंदीचीही केली होती. आपण खरं बोलतोय यावर कुणी विश्वासच ठेवणार नाही, ही शक्यता तिच्या ध्यानीमनी नव्हती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

आत्यानं तिच्या हातातून पट्टा घेतला, स्वतःच्या मनगटावर बांधला आणि हात टेबलावर ठेवला.

"मी टेकवते बोट," ती म्हणाली. "तुम्ही बघा."

तांगडेबाईंनी पडद्यावरून तपासणी सुरू केली. पट्टा थरथरला. आत्यानं बोट टेकवलं. दिवा हिरवा झाला.

तांगडेबाई पुढे झुकल्या. त्यांनी पट्टा सोडवून स्वतः बांधला. लाल. दाराशी उभ्या असलेल्या शिपायाला बोलावून त्याच्या हाताला लावला. लाल. पुन्हा आत्याच्या हाताला. हिरवा.

"आठ वर्षं झाली मला इथे," त्या म्हणाल्या आणि पुढचं वाक्य न बोलताच पडद्याकडे वळल्या.

त्यांनी दोघींचे आलेख एकावर एक ठेवले. पहिले उंचवटे सारखे नव्हते, हे करुणालाही दिसलं. आत्याचा सुळका बुटका होता, तिचा उंच. पण त्या सुळक्यानंतर येणारी शेवटची लाट दोघींची एकसारखीच होती. रुंद पायाची, सावकाश चढणारी, सावकाश उतरणारी.

"पट्टा ओळखताना दुर्मिळ गोष्टीला जास्त वजन देतो," तांगडेबाई हळूहळू, स्वतःलाच समजावत असल्यासारख्या बोलल्या. "गर्दीत माणूस शोधायचा तर आपण शर्ट नाही बघत, कपाळावरचा वण बघतो. तुझ्या आलेखात ही शेवटची लाट म्हणजे तो वण. लाखात सापडत नाही अशी. पट्ट्यानं तीच धरून ठेवली, बाकी फरक सोडून दिले. तोच वण तुझ्या आत्यालाही असेल, हे त्याच्या हिशेबातच नव्हतं." मग त्यांनी खुर्ची दोघींकडे वळवली. "तुमचे तास आपण बघू. ते माझ्याकडे लागलं. पण मी डॉक्टर नाही, आणि ही लाट मी डॉक्टरला दाखवल्याशिवाय तुम्हाला परत पाठवणार नाही. अर्ध्या तासावर एक हृदयरोगतज्ज्ञ बसतात. मी फोन करते."

डॉक्टर साबळे साठीचे होते. त्यांनी दोघींचे पूर्ण आलेख नव्यानं काढले, पट्टी घेऊन त्यावरचं अंतर स्वतः मोजलं. मग करुणाला विचारलं, "कधी चक्कर येऊन पडली आहेस?"

"डेंगीत दोनदा. अशक्तपणानं."

"उलटीवर काही दिलं होतं?"

आत्यानं गोळीचं नाव सांगितलं. डॉक्टरांनी मान हलवली आणि एका कोऱ्या कागदावर रेघ काढायला सुरुवात केली.

"प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला पुढच्या ठोक्यासाठी तयार व्हावं लागतं," ते म्हणाले. "विजेनं रिकाम्या झालेल्या पेशी पुन्हा भरतात. तुमच्या दोघींच्या हृदयाला ही तयारी करायला थोडा जास्त वेळ लागतो. ही रुंद लाट म्हणजे तो जास्तीचा वेळ. एरवी त्यानं काही बिघडत नाही, माणूस जन्मभर धडधाकट असतो. पण पळताना, पोहताना, एकदम दचकल्यावर ठोके भराभर येतात. त्यातला एखादा तयारी पुरी व्हायच्या आत येऊन पडला तर ताल विस्कटतो आणि माणूस काही क्षणांत बेशुद्ध होतो. काही औषधांनी हा वेळ आणखी लांबतो. तुझी ती गोळी त्यातलीच."

करुणानं कागदावरची रेघ पाहिली. "म्हणजे मी डॉक्टर होऊ शकत नाही?"

"का नाही? रोज एक गोळी घ्यायची. काही औषधं आयुष्यभर टाळायची. पाण्यात एकटीनं उतरायचं नाही. एवढं केलंस तर माझ्याइतकी म्हातारी होशील. कळलं नसतं तर काय, हा प्रश्न वेगळा आहे." ते आत्याकडे वळले. "हे रक्तातून येतं. म्हणजे हिच्या वडिलांकडेही असणार, त्यांना पाठवा. घरात कुणी तरुणपणी अचानक गेलंय का?"

आत्यानं चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"आमचा थोरला भाऊ. मनू," ती म्हणाली. "सतरा वर्षांचा होता. पाण्यात गेला."

"पोहता येत होतं त्याला?"

"ते याकोबला विचारा, डॉक्टर. त्यानं स्वतः सांगितलेलं बरं."

केंद्राचं पत्र बाराव्या दिवशी आलं. अठरा तास वजा केले होते. चूक उपकरणाची असून उमेदवारानं ती आपणहून कळवली, सबब बंदी नाही. सुवार्ता हिवाळे यांना लेखी समज, नोंदणी कायम. कमी पडणारे सहा तास दुसऱ्या फेरीआधी पूर्ण करावेत. पहिल्या फेरीत मात्र विचार होणार नाही. करुणानं ते पत्र उभ्यानंच वाचलं आणि भिंतीला टेकून खाली बसली. तिला कडकडून भूक लागली. आत्यानं सकाळच्या भाकरीवर लोणचं घालून दिलं. तिनं तीन भाकरी खाल्ल्या.

पहिल्या फेरीत संभाजीनगरची जागा गेली. सहा तास लाहोटी आजींकडे दोन दिवसांत झाले. दुसऱ्या फेरीत गोंदिया मिळालं. पप्पांनी नकाशात अंतर पाहिलं आणि फक्त, "थंडीचे कपडे जास्त घे," म्हणाले.

त्याच सुमारास तांगडेबाईंचा फोन आला. त्यांनी राज्यातले सगळे पट्टे, जिथे लाट अशी रुंद होती आणि ओळख फक्त तिच्यावर टेकलेली होती, ते बाजूला काढायला लावले होते. "अकरा जण सापडले," त्या म्हणाल्या. "अकराही घरांना तपासणी करून घ्यायचं कळवलं. बीडच्या एका मुलाच्या आईचा मला फोन आला. तिला तुझं नाव सांगता येत नाही मला, नियमात बसत नाही. पण तुला सांगावंसं वाटलं."

रक्ताच्या तपासणीचा निकाल घ्यायला तिघंही डॉक्टर साबळेंकडे गेले. पप्पांची तपासणी आधीच झाली होती. त्यांच्याकडेही तोच दोष होता, फक्त आलेखात जेमतेम दिसणारा. गोळी त्यांनाही सुरू झाली. क्रेन चालवायला हरकत नाही, असं डॉक्टरांनी लिहून दिलं. मग पेन बाजूला ठेवून त्यांनी विचारलं, "तुमच्या भावाचं काय झालं होतं, हिवाळे?"

पप्पांनी खिडकीकडे पाहिलं. करुणानं हा प्रश्न घरात कधी कुणी विचारलेला ऐकला नव्हता. बैठकीत मनूकाकांचा फोटो होता, पण त्यांच्याबद्दल एवढंच सांगितलं जाई की पाय गाळात अडकला.

"आमच्या घरामागं दगडाची जुनी खाण होती. पाणी भरलेली," पप्पा म्हणाले. "मी बारा वर्षांचा. मनू मासळीसारखा पोहायचा. मी त्याला म्हटलं, पलीकडच्या काठाला हात लावून माझ्या आधी परत येऊन दाखव. तो हसला. तो निघाला, मीही निघालो. मध्यावर मी मागं पडलो म्हणून थांबून बघितलं, तर तो थांबलेला. हात मारत नव्हता. ओरडला नाही, धडपडला नाही. कुणी बटण बंद केल्यासारखा. मग खाली गेला." ते डॉक्टरांकडे वळले. "गाळबीळ काही नव्हता. ते आईनं ठरवलं. शर्यत मी लावली, हे मी कुणाला सांगितलं नाही."

डॉक्टर साबळेंनी खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाले, "चांगला पोहणारा माणूस मध्यावर आवाज न करता थांबतो, तेव्हा तो बहुतेक बुडत नसतो. त्याचं हृदय आधी थांबलेलं असतं. आणि तुमच्या तिघांच्या रक्तात सापडलेला प्रकार पोहतानाच सगळ्यात जास्त दगा देतो. मी तेव्हा तिथे नव्हतो, शंभर टक्के शपथेवर सांगू शकत नाही. पण मला काही संशय उरलेला नाही. त्याला पाण्यात तुम्ही पाठवलं नसतंत तरी तो रोज उतरतच होता ना?"

"रोज."

"मग ते कुठल्याही दिवशी झालं असतं. तेव्हा हे ओळखणारं कुणी गावात नव्हतं. तुम्ही बारा वर्षांचे होतात."

पप्पांनी नमस्कार केला आणि उठले. बाहेर व्हरांड्यात बाकावर बसले. हात गुडघ्यांवर, नजर जमिनीवर. करुणा त्यांच्याजवळ जायला निघाली तशी आत्यानं तिला हातानंच थांबवलं आणि स्वतः जाऊन बसली.

"मी पण होते तिथं," आत्या म्हणाली.

पप्पांनी मान वर केली.

"खाणीच्या काठावर, निंबाखाली. तुम्ही मला घेऊन जायचा नाहीत म्हणून मागून आले होते. तू म्हणालास, कुणीतरी एक-दोन-तीन म्हणा. मनूनं मला बघितलं होतं. त्यानं मला डोळा मारला, आणि मी त्याच्यासारखा आवाज काढून मोठ्यानं एक-दोन-तीन म्हटलं. तुला वाटलं, त्यानंच म्हटलं."

"तू म्हटलंस?"

"मी दहा वर्षांची होते. मला वाटत राहिलं, मी तीन म्हटलं नसतं तर तो गेला नसता."

एक नर्स औषधांची गाडी ढकलत त्यांच्यासमोरून गेली.

"इतकी वर्षं बोलली नाहीस," पप्पा म्हणाले.

"तू तरी कुठं बोललास."

पप्पांच्या खांद्यांना एक हिसका बसला. करुणाला वाटलं ते रडताहेत. ते रडतही होते, पण चेहरा वर केला तेव्हा तो तिनं कधी न पाहिलेला होता, खूप दूरचं ओझं आणून उतरवून ठेवलेल्या माणसासारखा सैल. त्यांनी आत्याचा हात घेतला आणि आपल्या गुडघ्यावर ठेवला.

परतीच्या बसमध्ये तिघांना एकाच बाकावर जागा मिळाली. करुणा खिडकीशी, मध्ये पप्पा, कडेला आत्या. शहर मागं पडलं. मग करुणानंच विचारलं, "मनूकाका दिसायला तर पप्पांसारखे होते. वागायला कसे होते?"

पप्पा विचार करायला लागले. आत्यानं सुरुवात केली, की तो शिट्टीवर उपासनेची गाणी वाजवायचा आणि चर्चचे पाळकसाहेब बाहेरून त्याला ओरडायचे. पप्पा म्हणाले, ओरडायचे नाहीत, पुढचं कडवं सांगायचे. मग ते दोघंही थांबेनात. तो सायकल उलटी बसून चालवायचा. त्याला अंधाराची भीती वाटायची आणि ती तो कुणाला कळू देत नसे. त्याला डॉक्टर नव्हे, बसचा कंडक्टर व्हायचं होतं, तिकिटं फाडायला आवडतात म्हणून.

बदनापूर मागं पडलं तेव्हा पप्पा हात हलवून मनूकाकांनी शेजारच्या बागेतून आणलेल्या मोसंब्यांची गोष्ट सांगत होते. तीन होत्या, तिघांना एकेक, असं ते म्हणाले.

"तीन नव्हे, चार," आत्या म्हणाली. "चौथी त्यानं मला एकटीला दिली होती."